किराण्याच्या यादीमागे

मैत्रिणींनो, एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. आमच्या घरी महिन्याच्या किराण्याची यादी मी करते आणि ती नेहमी पाठकोऱ्या कागदावर करते. पुढच्या बाजूला तूरडाळ, गूळ, जिरं, भांड्यांचा साबण, काडेपेट्या. आणि कागद उलटा केला, की मागे पुस्तकांची नावं! वाचून झालेल्या पुस्तकापुढे बरोबरची खूण, वाचायच्या पुस्तकापुढे नुसता ठिपका. मागे एकदा आमच्या ह्यांनी घाईघाईत ती यादी दुकानदाराच्या हातात दिली ती नेमकी उलटी. त्याने चष्मा लावून वाचली आणि म्हणाला, "भाऊ, हे 'लुचाई' आपल्याकडे नाही येत. दुसऱ्या कंपनीचं देऊ का?"

हे घरी येऊन सांगताना स्वतःच इतके हसले, की मला रागवायला जागाच उरली नाही.

तर आज त्या मागच्या बाजूबद्दल लिहायचं आहे. वर्षभरात काय वाचलं, पुढे काय वाचायचं आहे, आणि एक पुस्तक मला वाचायला बेचाळीस वर्षं का लागली, तेही.

मी राहते हिंगणीला. वर्धा जिल्ह्यातला सेलू तालुका, तिथून बोर धरणाकडे जाताना लागतं ते आमचं गाव. २०१४ साली बोरच्या अभयारण्याचा व्याघ्र प्रकल्प झाला आणि बाहेरगावच्या गाड्या आमच्या रस्त्याने धावायला लागल्या. लोक वाघ बघायला हौसेने येतात. आम्हाला मात्र वाघ म्हणजे दिवेलागणीच्या आत शेतातून परत या, एवढाच निरोप! १९८१ साली लग्न होऊन आर्वीकडच्या एका खेड्यातून मी इथे आले. कापूस, तूर, पुढे सोयाबीन. सासू, सासरे, दोन दीर, गाई-बैल. अशा घरात नवी सून पुस्तक घेऊन बसली तर काय होईल, ते तुम्हाला सांगायला नकोच.

पण आमच्या सासूबाई वेगळ्या निघाल्या. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, गोष्टीची मात्र भारी आवड. उन्हाळ्यात सरगुंडे वळायला आम्ही चारपाच जणी ओसरीवर बसलो, की त्या म्हणत, "तू नको वळू. तुझे सरगुंडे तसेही जाडेच होतात. तू वाच." म्हणजे कौतुक की टोमणा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही! पण त्या एका वाक्यावर मी 'स्वामी' अख्खी वाचून काढली. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ सालची. १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १७७२ मध्ये थेऊरला माधवराव पेशवे क्षयाने गेले आणि रमाबाई सती गेल्या, हे शाळेच्या इतिहासात दोन ओळींत येतं. पण ओसरीवर तो भाग आला तेव्हा कोणाचेच हात चालेनात. परातीतलं पीठ सुकलं. सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बाप्पा, किती लहान होती पोरगी!" पुढे १९८७ साली दूरदर्शनवर 'स्वामी' मालिका लागली, तेव्हा टी.व्ही. असलेल्या घरी आम्ही साऱ्या सतरंजी घेऊन जात असू. सासूबाई तिथे बाकीच्यांना पुढची गोष्ट आधीच सांगून टाकत आणि बोलणी खात.

हे सांगण्याचं कारण एवढंच, की वाचन म्हणजे आपल्या एकटीचा चोरटा उद्योग, असं मी कधी मानलं नाही. घरातल्या सगळ्यांना त्यात ओढावं. निदान काम तरी माफ होतं!

आता या वर्षाची यादी.

पावसाळ्यात मी भीतीच्या गोष्टी वाचते. हसू नका. आमच्याकडे पाऊस लागला की वीज जाते, बाहेर रातकिडे आणि बेडूक, लांबून कुत्री ओरडतात आणि मग एकदम गप्प होतात. अशा वेळी नारायण धारप वाचायला जी मजा आहे, ती दिवसाउजेडी नाही. किराणावाल्याला न सापडलेली 'लुचाई' त्यांचीच. अमेरिकेतले लेखक स्टीफन किंग यांच्या 'सालेम्स लॉट' या कादंबरीवर ती बेतलेली आहे. पण धारपांनी तिला असं काही मराठी नेसवलं आहे, की हा सारा प्रकार आपल्याच तालुक्यात घडतोय असं वाटावं. २०१८ साली 'तुंबाड' नावाचा सिनेमा आला होता ना, त्यामागेही धारपांच्या कथेची प्रेरणा होती. माझ्या नातवाला हे सांगितलं तेव्हा माझा भाव घरात एकदम वाढला. रत्नाकर मतकरींच्या गूढकथाही वाचल्या. मतकरींच्या गोष्टीत भूत कमी आणि माणसाचं मन जास्त घाबरवतं. एक मात्र सांगते, अशी गोष्ट रात्री दूध विरजण लावायच्या आधी वाचू नये. मी एकदा विरजणाऐवजी ताटातलं पिठलं दुधात घातलं होतं!

रहस्यकथा माझ्या धाकट्या दिरांमुळे आल्या. त्यांच्याकडे बाबुराव अर्नाळकरांची जुनी पुस्तकं लोखंडी पेटीत होती. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने! झुंजार, धनंजय, काळापहाड ही नावं तुमच्या वडिलांना विचारा, त्यांचे डोळे चमकतील. दिवाळीआधी पेटी साफ केली तेव्हा चार पुस्तकं वाचली. आज वाचताना जरा भाबडी वाटतात, पण कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक प्रकरण संपतं, आणि संसारी बाईला असं पुस्तक हाताशी हवंच. मोठी कादंबरी दुपारसाठी, छोटं प्रकरण शिट्ट्यांसाठी, ही माझी वाटणी. करून बघा.

त्या पेटीतल्या पुस्तकांना कसर लागली होती. म्हणून वाटेत एक घरगुती गोष्ट सांगून ठेवते. पुस्तकं कपाटात गच्च कोंबू नका, मागे हवा खेळायला चार बोटं जागा सोडा. वाळवलेली कडुनिंबाची पानं कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा आणि पावसाळा संपला की बदला. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधी लावू नये. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन निघते. पातळ कागद आणि मैद्याची खळ बरी. जुने बाइंडर त्या खळीत चिमूटभर मोरचूद घालत, म्हणजे किडे लागत नाहीत. मोरचूद विषारी असतं, तेव्हा मुलांपासून लांब ठेवा आणि काम झाल्यावर हात स्वच्छ धुवा.

विज्ञानकथेचं आणि माझं फारसं सख्य नव्हतं. ग्रह-तारे म्हटले की मला पंचांगच आठवतं. पण २०२५ च्या मे महिन्यात जयंत नारळीकर गेले आणि नातू म्हणाला, "आजी, तू त्यांचं काहीच वाचलं नाहीस?" तो प्रश्न मला लागला. 'यक्षांची देणगी' मागवलं. आणि त्यांच्या पहिल्या विज्ञानकथेची हकीकत कळली, ती तुम्हालाही आवडेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने कथास्पर्धा ठेवली होती. आपलं नाव बघून परीक्षकांवर दडपण येऊ नये, म्हणून नारळीकरांनी आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली. पण हस्ताक्षराचं काय? ते ओळखू येईल! म्हणून मंगलाताईंनी, त्यांच्या पत्नीने, कथा आपल्या अक्षरात उतरवून दिली. 'कृष्णविवर' असं त्या कथेचं नाव, आणि पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. मंगलाताई स्वतः गणिताच्या मोठ्या विदुषी. २०२३ साली त्या गेल्या. गोष्टी वाचताना मी काही सारंच समजले असं नाही. पण कळायला अवघड वाटणारी गोष्टसुद्धा रंगू शकते, एवढं या वयात कळलं हे काय थोडं झालं?

त्यानंतर अनुवाद. कन्नड लेखक एस. एल. भैरप्पा यांची 'पर्व' ही महाभारतावरची कादंबरी. मूळ कन्नड १९७९ सालची, मराठीत आणली उमा कुलकर्णींनी. यात चमत्कार नाहीत, आकाशवाणी नाही. कुंती, गांधारी, द्रौपदी या आपल्यासारख्या बाया आहेत. दमलेल्या, चिडलेल्या, मुलांची काळजी करणाऱ्या. मला त्या कादंबरीइतकीच तिच्या मराठी होण्याची गोष्टही आवडते. उमाताईंचे यजमान विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्याने वाचून टेप करून ठेवत, आणि उमाताई ते ऐकून मराठीत लिहीत. नवऱ्याने बायकोसाठी एवढं वाचून ठेवायचं! मी हे आमच्या ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मी तुला बाजारभाव वाचून दाखवतो की रोज."

ह्यांचं वाचन तेवढंच. वर्तमानपत्र, कापसाचे भाव, आणि खताच्या पोत्यावर लिहिलेलं सारं. कादंबरी त्यांनी कधी हातात घेतली नाही. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे त्यांचंच सांगायचं आहे.

आता त्या बेचाळीस वर्षांच्या पुस्तकाकडे येते.

१९८३ साली, लग्नाला दोन वर्षं झाली असताना, एका ओळखीच्या मास्तरीणबाईंनी मला उद्धव शेळक्यांची 'धग' वाचायला दिली. १९६० सालची कादंबरी. "आपल्या वऱ्हाडातली आहे, आपल्या बोलीत आहे, वाच," म्हणाल्या. मी वाचायला घेतली आणि हरखून गेले. पुस्तकातली माणसं माझ्या आईसारखी, मामीसारखी बोलत होती! कौतिक ही शिंप्याच्या घरची बाई. नवरा महादेव, लेकरं, दारिद्र्य, आणि त्यातून संसार वर काढायची तिची धडपड. दोन दुपारी वाचत होते. आणि मग महादेवला महारोग होतो, तो भाग आला.

मी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी परत करून आले. मास्तरीणबाईंनी विचारलं, "आवडलं का?" मी म्हटलं, "नाही जमलं बाई, फार रडकं आहे."

खोटं होतं ते. खरं कारण सांगते. माझ्या आजोबांना, वडिलांच्या वडिलांना, महारोग होता.

आमच्या माहेरच्या शेताच्या धुऱ्यावर एक झोपडी होती. आजोबा तिथे राहत. गावात सांगितलेलं होतं, की ते काशीला गेले. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून त्यांचं जेवण न्यायचं काम माझ्याकडे होतं. भाकरी, वरण, कधी आंबाडीची भाजी. दगडावर ताट ठेवायचं, दहा पावलं मागे यायचं आणि हाक मारायची. आजोबा बाहेर येत. बोटं आखडलेली, पायाला चिंध्या. ते ताट उचलायच्या आधी नेहमी विचारत, "शाळेत आज काय शिकवलं?" मग मी दहा पावलांवरून त्यांना धडा म्हणून दाखवायची. वाचून दाखवायची माझी सवय तिथली आहे, मैत्रिणींनो. ओसरीवरच्या सरगुंड्यांची नाही.

१९७१ साली आजोबा गेले. १९८१ ला माझं लग्न ठरलं तेव्हा आईने मला माजघरात नेऊन शपथ घातली. "सासरी हे कधी तोंडातून काढशील, तर माझं मेलेलं तोंड पाहशील. तुझ्या लहान बहिणींची लग्नं व्हायची आहेत."

आईला दोष देऊ नका. त्या काळी एका घरात रोग म्हटला, की सारं घराणंच वाळीत पडत असे. नवरा-बायकोपैकी एकाला हा रोग असला, तर त्या कारणावरून कायद्याने घटस्फोट मागता येत होता. ते कारण कायद्यातून निघालं थेट २०१९ साली! आणि याहून वाईट काय, तर आम्ही राहत होतो वर्धा जिल्ह्यात. जिथे मनोहर दिवाणांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. जिथे सेवाग्रामला गांधीजी परचुरेशास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हाताने करत. जिथे १९५१ पासून गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनचं मुख्य ठाणं आहे आणि जिथले कार्यकर्ते खेडोपाडी रोगी शोधत हिंडत. औषध आमच्या दाराशी येऊ शकत होतं. दार आम्हीच लावून घेतलं होतं. "आमच्याकडे कोणी नाही," असं वडिलांनी सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्या वेळी आजोबा झोपडीत होते.

अजून एक कबुली द्यायची आहे, आणि ही जास्त जड आहे. १९९० च्या आसपासची गोष्ट. कापूस वेचायला बाया आल्या होत्या, त्यांत एक परगावची होती. तिची करंगळी आणि अनामिका आखडलेली. दुपारी साऱ्या पाणी प्यायला आल्या. बाकीच्यांना मी पेला दिला. तिला मात्र म्हटलं, "ओंजळ कर." आणि वरून धार सोडली. ती काही बोलली नाही. पाणी प्यायली, हात पुसले, निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून आली नाही. मला रोगाची भीती नव्हती हो! आजोबांची दहा पावलं चालून मी मोठी झाले होते. मला भीती होती, की मी तिच्याशी नीट वागले तर कोणी विचारेल, "तुला कशी नाही वाटत भीती?" आणि मग सारं बाहेर येईल.

२०२३ च्या फेब्रुवारीत वर्ध्याला ९६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर अध्यक्ष होते. वर्ध्याला याआधी १९६९ साली पु. शि. रेग्यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन झालं होतं, तेव्हा मी पाटीवर अक्षरं गिरवत होते. आम्ही सहा जणी सकाळच्या बसने गेलो. भाषणं थोडी ऐकली, पुस्तकांच्या दुकानांतून खूप हिंडलो. डबा एका झाडाखाली खाल्ला. मी पाच पुस्तकं घेतली आणि पाचवं 'धग' होतं. का घेतलं? खरंच सांगता येत नाही. हात गेला. घरी आणून कपाटात मागच्या रांगेत ठेवलं आणि किराण्याच्या यादीमागे ठिपका दिला. तो ठिपका मी दर महिन्याला नव्या कागदावर उतरवत राहिले. दोन वर्षं आणि वर काही महिने.

शेवटी २०२५ च्या पोळ्यानंतर वाचायला घेतलं. बैल धुऊन, सजवून, पुरणपोळ्यांचा पसारा आवरून घर शांत झालं होतं. या वेळी मिटलं नाही. कादंबरी कशी संपते ते सांगत नाही, तुम्ही वाचाल तेव्हा कळेल. एवढंच सांगते, की शेळक्यांनी कोणाची कीव केलेली नाही आणि कोणाला देवही केलेलं नाही. कौतिक चिडते, भांडते, चुकते, पुन्हा उभी राहते. माझी आई तशी होती. शपथ घालणारी आई मला तिथे पहिल्यांदा नीट दिसली. ती दुष्ट नव्हती. तिला तीन मुलींची लग्नं उरकायची होती.

पुढचं घडलं ते आमच्या सुनेमुळे. आमची सून आशा कार्यकर्ती आहे. कुष्ठरुग्ण शोधायची मोहीम होती आणि ती घरोघर हिंडत होती. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, त्या जागी कमी जाणवतं का, हे विचारायचं. रात्री जेवताना ती वैतागून म्हणाली, "आई, एका घरी मला माहीत आहे म्हातारे बाबा आत आहेत. आणि दारातूनच सांगतात, की गावाला गेले! अशा लोकांना म्हणावं तरी काय?"

माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "काशीला गेले असं नाही ना सांगितलं?" आणि मग सारं सांगितलं. ताटं तशीच. मुलगा, सून, हे. नातवाला झोपायला पाठवावं असं एकदा मनात आलं, पण म्हटलं नको, त्यानेही ऐकू दे. पाण्याची धार सोडली तेही सांगितलं.

सून आधी बोलली. बोलली काय, कामालाच लागली! "आई, तुमची कधी तपासणी झाली का? कुठे चट्टा? बधिर जागा?" मला हसू आलं आणि रडूही. तिने सांगितलं ते तुम्हीही नीट लक्षात ठेवा. हा रोग अनुवंशाने येत नाही. हा जंतूंचा रोग आहे आणि बहुतेक माणसांच्या अंगात त्याला तोंड देण्याची ताकद असते. औषध सुरू झालं की थोड्याच काळात रोग्यापासून लागण होत नाही. सहा महिने ते एक वर्ष गोळ्या घ्यायच्या, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. १९८३ च्या सुमारास हे नवे उपचार देशात सुरू झाले, तेव्हा अगदी सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपला वर्धाच होता. म्हणजे बघा, ज्या वर्षी मी 'धग' मिटून परत केली, जवळपास त्याच वेळी! वेळेवर औषध मिळालं तर बोटं आखडतही नाहीत. उशीर झाला की ते नुकसान भरून निघत नाही. म्हणून लपवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सून मला बरोबर घेऊन त्या घरी गेली. मी दारात उभ्या राहिलेल्या बाईंना माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली. त्यांनी लगेच दार उघडलं असं नाही. तिसऱ्या खेपेला उघडलं. पुढचं त्या घरचं आहे, मी लिहिणार नाही.

आणि हे? हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चहा घेत, शेतावर जात, येत. मला वाटलं, झालं. आई म्हणत होती तेच खरं. तिसऱ्या दिवशी रात्री अंगणात खाटेवर बसून म्हणाले, "तुझ्या आजोबाचं काही नाही. पण चव्वेचाळीस वर्षं तू मले सांगितलं नाही. काहून? तुले का वाटलं, मी तुले परत धाडलं असतं?"

मी काय उत्तर देणार? १९८१ साली धाडलं असतं की नसतं, हे मला माहीत नाही. त्यांनाही नाही. तसंच सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खरं आहे. मलेही नाही सांगता येत."

त्या उत्तराने मला वाईट वाटायला हवं होतं. पण नाही वाटलं. "छे, छे, असं कसं!" म्हणाले असते तर बरं वाटलं असतं, पण खरं वाटलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, वाचनाचं सांगायला बसली आणि घरचंच सांगत सुटली. पण गोष्टी कशासाठी वाचायच्या, याला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. धारप वाचून वेळ जातो, अर्नाळकर वाचून स्वयंपाक होतो, नारळीकर वाचून नातवाशी बोलायला विषय मिळतो, आणि कधीतरी एखादं पुस्तक आपण मिटून ठेवलेलं दार पुढ्यात आणून उभं करतं. सगळ्या प्रकारचं वाचावं. नुसतं जड वाचलं तर संसारात जीव लागत नाही आणि नुसतं हलकं वाचलं तर तोंडाला चव राहत नाही. ताटात पिठलं हवं तशी चटणीही हवीच ना?

तर आता ठिपक्यांची यादी. पहिला ठिपका आशा बगे यांच्या 'भूमी'चा. नागपूरच्या लेखिका, म्हणजे आमच्या शेजारच्याच. या कादंबरीला २००६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दुसरा व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चा. माणदेशातलं मेंढपाळांचं गाव आणि तिथे आलेला तरुण मास्तर. १९५५ सालचं पुस्तक. वाचायचं राहून गेलं याची लाज वाटते. तिसरा चिं. वि. जोशींचा. चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुन्हा एकदा, कारण थंडीच्या दिवसांत शेकोटीशी बसून मोठ्याने वाचायला त्यासारखं काही नाही. चौथा गीता साने यांचा. वाशीमला जन्मलेल्या, १९३०-४० च्या काळात बाईच्या मनातलं निर्भीडपणे लिहिणाऱ्या. 'हिरवळीखाली', 'वठलेला वृक्ष' ही त्यांची पुस्तकं मिळवायची आहेत. तुमच्या वाचनालयात जुन्या कपाटात असतील तर धूळ झटकून वाचा, आणि मिळत नसतील तर मागणी लिहून द्या. मागणी नसते म्हणून पुस्तकं कपाटाच्या तळाशी जातात.

पाचवा ठिपका माझा नाही.

त्या अंगणातल्या बोलण्यानंतर आठवड्याने 'धग' कपाटात दिसेना. शोधलं तर ह्यांच्या उशाशी! खूण म्हणून बियाण्याच्या पाकिटाचा तुकडा घातलेला. आयुष्यात पहिली कादंबरी, चष्मा नाकावर, ओठ हलवत, रोज तीन-चार पानं. मी काही विचारलं नाही. रोज केर काढताना फक्त खूण कुठपर्यंत आली ते बघत होते. महादेवच्या दुखण्याच्या जागी ती खूण आली आणि थांबली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. मी मनात म्हटलं, मिटलं यांनीही. माझ्यासारखंच.

पाचव्या दिवशी उशी उचलली तर खूण बारा पानं पुढे गेली होती.